तात्यांना कोणी विचारलं नाही

तात्यांनी मला फसवलं, आणि आमच्या आळीने तात्यांना. पहिलं मी पचवलं. दुसरं पचत नाही.

तात्या म्हणजे मालवण बंदरावरच्या आगबोट कचेरीतले निवृत्त तिकीट कारकून. डोळ्यांवर जाड भिंगांचा चष्मा, काखेत छत्री, हातात बांबूची काठी, काठीला गुंडाळलेली दोरी आणि तिच्या टोकाला गरी, म्हणजे मासे धरायचा गळ. असे ते घरातून निघाले आणि कोणी "तात्यानू, खंय?" म्हणून विचारलं, की आहेत तिथून मागे वळायचे. घरी जाऊन पायरीवर बसायचे, बहिणीकडून पाणी मागून घ्यायचे, ते सावकाश प्यायचे आणि मगच पुन्हा निघायचे. निघालेल्या माणसाला 'खंय', म्हणजे 'कुठे', असं विचारू नये, हे आमच्याकडे सगळ्यांनाच माहीत असतं. पण बाकीचे लोक विचारणाऱ्याला चार शब्द सुनावून पुढे जातात. तात्या खरोखर परत फिरायचे.

"तिकीट रद्द झाला म्हणजे झाला," ते म्हणायचे. "मगे परत रांगेन येवाक होया."

त्यामुळे आळीला वळण लागलं होतं. तात्यांची काठी दिसली की सोनार शेगडीत तोंड घालायचा. विहिरीवरच्या बायका विहिरीत काहीतरी पडल्यासारख्या आत बघायच्या. एवढा मोठा माणूस भर रस्त्याने जायचा आणि तो कोणालाच दिसायचा नाही.

कचेरीत असतानाचे तात्या तुमच्यातल्या कोणाला आठवत असतील, तर त्यांची खिडकीही आठवत असेल. तिथे ते शुद्ध पुस्तकी मराठी बोलायचे. नको तो प्रश्न आला की मान वर न करता म्हणायचे, "चौकशी शेजारच्या खिडकीवर." त्या कचेरीला खिडकी एकच होती. लोक बाहेर येऊन भिंत चाचपून बघायचे. निवृत्त झाल्यावरही ही सवय गेली नाही. समुद्रकाठच्या खडकावर गरी टाकताना मालवणी बोलणारा हा माणूस अडचणीत आला की एकदम कचेरीत जाऊन बसायचा.

मी लहानपणी त्याच खडकावर गरवायचो, म्हणजे गरीने मासे धरायचो. मग कोल्हापूरला गेलो. गुळाच्या ढेपा आधी पाठीवर वाहिल्या, नंतर विकल्या, आणि पुष्कळ वर्षांनी मालवणात येऊन स्वतःचं दुकान टाकलं. सौद्यात मला कोणी वाकवलं नव्हतं, हे बाजारात कोणालाही विचारा. दुकान बसल्यावर एका संध्याकाळी नवीन नायलॉनची दोरी आणि विकतचं रंगीत बूच घेऊन मी खडकावर गेलो. मासा लागला की हे तरंगणारं बूच बुडतं, आणि त्याच क्षणी काठी उचलायची. यात विसरण्यासारखं काही नाही असं मला वाटत होतं. पहिल्याच फेकीला गरी माझ्या धोतरात अडकली आणि मी त्या धोतराला मोठ्याने शिव्या घातल्या.

"शेट, धोतराक मासो लागलो काय?" मागून आवाज आला.

वळून बघितलं तर तात्या. मी लहान असताना बसायचे त्याच जागी बसले होते. खडकाला तिथे पाटासारखा सपाट भाग आहे, वारा पाठीवर येतो आणि समोरच्या कपारीत तांबोशी मासळी फिरते. मला त्या जागेच्या शेजारी बसायचं होतं. त्यांनी अट घातली.

"बस. पण दोनय बुचां तू सांगायची. माझा आनी तुझा."

म्हणजे बूच हललं, डावीकडे गेलं, बुडालं, हे सगळं मी मोठ्याने सांगायचं. मी म्हटलं, मी काय शाळेतलं पोर आहे? त्याऐवजी कोल्हापुरी गुळाची ढेप घरी पोचवतो.

"चौकशी शेजारच्या खिडकीवर," तात्या म्हणाले.

मी कबूल झालो. माझी बिघडलेली नजर ते ताळ्यावर आणतायत, असं मी समजलो. दुकान नोकरावर टाकून मी भरतीच्या वेळी त्यांच्याबरोबर जायला लागलो. "शेट, बूच खंय आसा?" "थंयच आसा." "आता?" "हलता." "आता?" "बुडाला, तात्यानू, उचला!" त्यांचा हात असा लागायचा की मासा कपारीत शिरायच्या आत वर. माझा हातही सुधारत गेला. त्याचं श्रेय मी त्यांना देत होतो, हेही नोंदून ठेवा.

त्याच सुमारास शाळेत घाटावरचे एक नवीन मास्तर आले आणि आमच्या आळीत राहिले. भला माणूस. भरती ऐन रंगात, आम्ही दोघं लगबगीने निघालेलो, आणि मास्तर फाटकातून हसून म्हणाले, "काय तात्या, कुठे निघालात?"

तात्या मागे वळले. पायरी, पाणी, सगळं होईपर्यंत भरती कोणासाठी थांबते? माझं डोकं फिरलं. "मास्तर, पोरांना अक्कल शिकवता आणि एवढं कळत नाही? निघालेल्या माणसाला कुठे म्हणून विचारतात?" आळी गोळा झाली. मास्तर पांढरेफटक पडले. त्या दिवसापासून तात्या दिसले की ते आकाशाकडे बघायचे.

तात्यांचं बूच ते स्वतः पांगाऱ्याच्या लाकडाचं कोरायचे. सुरुवातीला ते सुपारीएवढं होतं. मग लिंबाएवढं झालं. मग ते माझ्याकडे दुकानाच्या पाटीचा उरलेला तांबडा रंग मागायला आले. पुढच्या खेपेला बूच पेरूएवढं होतं आणि लालभडक.

"तात्यानू, हे बघून मासे पळतील."

"मासे वर बघनत नाय."

मी हसलो. व्यापारी माणूस मी, समोरच्याने माल का बदलला हे विचारायचं मला सुचलं नाही.

मग एकदा आमचं भांडण झालं. नायलॉन चांगलं की सुताची दोरी चांगली, यावरून. मी रागाने तोंड बंद करून बसलो. समोर पाणी शांत होतं. तात्यांचं ते पेरूएवढं तांबडं बूच एकदा डुललं, आडवं झालं आणि बुडालं. वर आलं, पुन्हा बुडालं. तात्या सरळ त्याच्याकडे बघत होते आणि काठी तशीच होती. चेहऱ्यावर काही नव्हतं.  थोड्या वेळाने त्यांनी अगदी हळू विचारलं, "शेट, रुसलंस? बूच खंय आसा?"

तेव्हा कळलं. मी त्यांना शिव्या घातल्या. इतके दिवस माझे डोळे फुकट वापरले, वर मलाच शिकाऊ ठरवलं, ह्या निसरड्या खडकावर स्वतःचा जीव धोक्यात घातला आणि मला पत्ताही लागू दिला नाही. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"तुका सांगितला असता, तर माका हंय येवाक दिला असतंस?"

"नाय."

"मगे? सौदो बरोच झालो."

त्यानंतर गरवण्यातली माझी मजा संपली. ते पुढे पाऊल टाकत तिथे शेवाळ आहे का, हे मी बघायचो. मोठी लाट उठली की माझं स्वतःचं बूच कुठे आहे याचं भान राहायचं नाही. दुकानात बसलो तरी वारा कुठून आहे इकडे लक्ष. भरतीची वेळ झाली की गिऱ्हाईक उठवून मी तात्यांच्या दारात. ते आधीच निघाले तर नाहीत, हा घोर. त्यांची बहीण, आक्का, म्हणायची, "तू वांगडा असतंस म्हणान मी घरात बसाक शकतंय, बाबा." मी बरोबर असतो एवढ्यावर ती निर्धास्त, हे ऐकून मला जास्तच भीती वाटायची.

मी त्यांच्याकडून वचन मागितलं. माझ्याशिवाय खडकावर जायचं नाही.

"अर्ज विचाराधीन आहे," तात्या म्हणाले.

आषाढात मला मालासाठी कोल्हापूरला जावं लागलं. पावसाने खडक हिरवागार झालेला, समुद्र खवळलेला. त्या दिवसांत खडकावर कोणी चिटपाखरू जात नाही. जाताना मी तात्यांना पुन्हा बजावलं. "शेट, तुमची गाडी चुकेल," ते म्हणाले, तेही पुस्तकी मराठीत. मला तेव्हाच खटकलं होतं.

मी परतत होतो त्या दुपारी अचानक उघडीप पडली. लख्ख ऊन. आक्का मागच्या अंगणात लाकडं वाळत घालायला गेली. तात्यांनी काठी उचलली. उन्हात त्यांना थोडंफार दिसायचं, तेवढ्यावर ते निघाले असणार. माझी गाडी तेव्हा मालवणच्या अलीकडे, कट्टा गावी चहासाठी थांबली होती. गाडी निघेना म्हणून मी कंडक्टरशी हुज्जत घालत होतो.

त्यांना आळीतून जाताना सोनाराने पाहिलं. मास्तरांनी पाहिलं. विहिरीवर जे कोणी होतं त्यांनी पाहिलं. सगळ्यांनी तोंडं फिरवली.

मी गाडीतून उतरून आळीत शिरलो तेव्हा आक्का रस्त्यात उभी होती. "तुझ्या वांगडा नाय?" तिने मला विचारलं.

छत्री खडकावर मिळाली, नीट मिटून कपारीत खोचलेली. काठी पुढे देवबागच्या वाळूत लागली. तात्या मिळाले नाहीत. होड्या घालण्यासारखा समुद्र नव्हता, तरी मी घालायला लावल्या.

नंतर मी सोनाराला विचारलं. "तेंका चालला नसता," तो म्हणाला. तात्यांच्या जाड भिंगांच्या चष्म्याची काडी त्यानेच जोडून दिली होती. त्यांना किती दिसतं हे त्याला माहीत नव्हतं असं त्याने मला सांगू नये.

मास्तरांना विचारलं. ते म्हणाले, "शेटजी, न विचारायला तुम्हीच मला भर रस्त्यात शिकवलंत."

मी शिकवलं, ते मी तात्यांबरोबर असताना. खडक कोरडा असताना. आषाढातही तेच धरून बसा, असं मी म्हटलं नव्हतं. हे मी त्यांना तिथेच ओरडून सांगितलं. ते घरात गेले.

एक शब्द पुरला असता. तात्या वळले असते, पायरीवर बसले असते, त्यांनी पाणी मागितलं असतं. आक्का मागच्या अंगणातून आली असती. त्यांचं पाणी पिऊन होईपर्यंत मी दारात पोचलो असतो.

आता सोनार माझ्या दुकानासमोरून मान खाली घालून जातो. मला ते नको. त्याने आत यावं, माझ्यासमोर बसावं आणि सांगावं, की आषाढात समुद्राकडे चाललेला आंधळा माणूस दारावरून गेला तेव्हा त्याने तोंड का उघडलं नाही. त्याच्यानंतर मास्तरांनी यावं. त्यांना माझ्याबद्दल जे बोलायचं असेल ते त्यांनी बोलावं, मी ऐकून घेईन. पण आधी त्यांनी उत्तर द्यावं. दुकान सकाळपासून उघडं असतं.