सदुसष्ट की त्र्याहत्तर

फुगा सर आठवडे बाजारातसुद्धा खिशात फुगा घेऊन यायचे. शाईचे ठिपके काढलेला तो फुगा मेथीच्या जुड्यांसमोर उभं राहून फुगवायचे आणि म्हणायचे, "बघा, ठिपका जागचा हलला न्हाई, तरी शेजारी लांब गेला. विश्व असंच फुगतंय." तळेगाव ढमढेऱ्याच्या भाजीवाल्यांनी त्यांना खुळ्यात काढलं होतं, पण जुडी जास्तीची द्यायच्या. मी त्यांची विद्यार्थिनी, आता त्यांच्याच शाळेत विज्ञान शिकवते.

फुगतंय किती वेगानं, यावर सगळा घोळ. विश्वाच्या बालपणीच्या उजेडावरून हिशेब केला की वेगाचा आकडा सदुसष्ट येतो, अलीकडचे तारे मोजत गेलं की त्र्याहत्तर. मोठमोठ्या दुर्बिणी लावूनही शास्त्रज्ञांचं जुळेना. सर सदुसष्टवाले. "मुलाचे पाय पाळण्यात दिसतात," हा त्यांचा सगळ्यात जड पुरावा.

त्यांचे जिवलग दोस्त, मांडवगणचे कांदेवाले आप्पा, त्र्याहत्तरवर अडून. "बियाच्या पिशवीवर काय छापलंय ते मी धरत न्हाई, सर. रानात काय निघालं ते धरतो." झालं. आमच्याकडं दोन माणसं भांडली की निवडणुकीसारखी दोन पॅनेलं पडतात. भाजीवाल्या, चहावाला, सगळे वाटले गेले. जीपचा ड्रायव्हर मला बसवून घेण्याआधी विचारायचा, "मॅडम, कुठलं पॅनेल?" मोजतायत काय हे निम्म्यांना ठाऊक नव्हतं, पण माघार कुणी घेईना. हसून हसून माझं पोट दुखायचं.

सरांची एकच आस होती, डोळे मिटायच्या आत निकाल कळावा. गेल्या वर्षी त्यांना दौंडच्या दवाखान्यात ठेवलं, तेव्हा डॉक्टरांनी आशा सोडली होती. आप्पा आले, सरांचा हात धरून गहिवरून म्हणाले, "सर, तुमचंच खरं. सदुसष्ट."

सर ताडकन उठून बसले. सलाइनची बाटली डुलली. "पुरावा काय? माझ्यासाठी विश्वानं हळू फुगायचं व्हय? आधी शब्द माघारी घ्या, आप्पा."

आप्पांनी घेतला. मग दोघं नर्सबाईंनी हाकलेपर्यंत भांडले. सर लालबुंद आणि इतके खूश, की मला वाटलं आता घरी येतात. त्याच आठवड्यात ते गेले. निकाल अजून लागायचाच आहे.

पुढच्या बाजाराला आप्पा मेथीच्या जुड्यांपाशी फुगा फुगवत उभे. ठिपके धड आले नव्हते. मला म्हणाले, "बाई, आजपास्नं मी सदुसष्ट. त्र्याहत्तर तुम्ही घ्या."

"पण आप्पा, तुम्हाला ते पटत नाही."

"न्हाईच पटत," ते डोळे पुसत म्हणाले. "पण सरांची जागा रिकामी ठिवून भांडायचं कुणाशी?"

मी पिशवी खाली ठेवली आणि दरडावून विचारलं, "पुरावा काय?"