बाईंचा थर्मास

लॅबमधल्या काचनळ्या धुऊन टाकता येतात, किस्से मात्र साचतच जातात. डहाणूच्या एका छोट्या दवाखान्यात मी लॅब टेक्निशियन होतो. माझे निम्मे किस्से आमच्या डॉक्टरबाईंचे, २०१६-१७च्या सुमाराचे. हिपॅटायटिस सी म्हणजे लिव्हरचा आजार, एवढंच मी शिकलो होतो. बाईंना तो कुठेही सापडायचा.

*

चिखल्याचे एक गुजराती चिकूवाडीवाले काका आले. उन्हात गेलं की हातांवर फोड. बाईंनी हात पाहिले आणि त्यांना टेबलावर झोपवून पोट तपासायला लागल्या.

"बेन, दुखे छे हाथ, ने पेट केम दाबो छो?"

"हात नुसता निरोप घेऊन आलाय, काका. पाठवलाय कोणी ते बघते."

रक्त माझ्याकडे आलं. हिपॅटायटिस सी.

*

तलासरीच्या एका मास्तरांच्या गालांत आतून पांढऱ्या रेषा उमटल्या होत्या. बायकोची खात्री, हे चोरून तंबाखू खातात. दोन वर्षं घरात रोज खिशांची झडती! बाईंनी तोंडात टॉर्च मारला आणि रक्त तपासायला लावलं. रिपोर्ट आल्यावर समजावलं, की अशा रेषा या विषाणूमुळेही येतात. आता मास्तरीणबाई रडणार, म्हणून मी पाण्याचा ग्लास पुढे केला.

त्या नवऱ्याकडे वळून म्हणाल्या, "म्हणजे खरंच खात नव्हता?"

*

सायवनची सोनी तिशीतली, भातलावणीच्या मजुरीला जाणारी. हिपॅटायटिस सी निघालाच होता. पायांवर जांभळे ठिपके होते आणि लघवीतून प्रथिनं जात होती. तिची किडनी जाईल, अशी बाईंना धास्ती होती. त्यांचा अंदाज असा, की तिच्या रक्तातली काही प्रथिनं गारव्याने गोठतात आणि बारीक रक्तवाहिन्या खराब करतात.

"हे रक्त गार होऊ द्यायचं नाही," त्यांनी बजावलं.

मी सायवनला गेलो, रक्त घेतलं आणि सवयीने बर्फाच्या डब्यात घालून आणलं. टेस्ट निगेटिव्ह; ती प्रथिनं वाटेतच गोठून रक्ताच्या गुठळीत गेली होती. चूक लक्षात आली तेव्हा मेल्याहून मेल्यासारखं झालं.

बाईंनी स्वतःच्या चहाचा थर्मास मोरीत रिकामा केला, त्यात कोमट पाणी भरलं आणि माझ्या हातात दिला. "पुन्हा जा."

सोनीने थर्मास हुंगला. "ह्यात चहा होता का?" मी सगळं सांगून टाकलं.

या वेळी रक्त उबेत आलं. सिरम, म्हणजे गुठळीवरचं पिवळसर पाणी, वेगळं करून मगच फ्रिजमध्ये ठेवलं. तिसऱ्या दिवशी नळीच्या तळाशी पांढरा साका! बाईंचा अंदाज खरा ठरला. तेव्हापासून तो थर्मास लॅबचा झाला, आणि बाईंचा दुपारचा चहा बंद.

*

हिपॅटायटिस सीच्या नव्या गोळ्या तेव्हा आल्या होत्या. सोनीने तीन महिन्यांत एकही चुकवली नाही. ठिपके गेले, लघवी सुधारली. शेवटच्या तपासणीला ती पहिल्या एसटीने आली. ऐन डिसेंबर, त्यात लाइट गेलेली. रक्त काढून मी थर्माससाठी पाणी आणायला वळलो, तर नळी सोनीने उचलून काखेत धरलेली.

"आणा सावकाश. गार नाही होत."

आठवड्याने ती पुन्हा आली. बाईंनी फ्रिजमधली नळी खिडकीशी नेऊन उजेडात धरली. तळ स्वच्छ. "सोनी, काही नाही उरलं," त्या म्हणाल्या.

सोनीने पिशवीतून एक कोरा स्टीलचा थर्मास काढून त्यांच्या टेबलावर ठेवला.

"चहा आहे. ह्यात रक्त ठेवायचं नाही."