तारणातली केळी

जळगावात माझं केळी पिकवायचं चेंबर आहे. आतला माल बँकेकडे तारण आहे, आणि त्यावर नजर ठेवायला बँकेने तिथे यंत्रं लावली आहेत. ती यंत्रं काय म्हणतात हे मला सांगायला एक साहेब येतात. मूळचे धुळ्याचे, पण बँकेचं बोलताना त्यांची मराठी इस्त्री करून बाहेर येते. चेंबरमध्ये उभे असले तरी नजर टॅबवरून हलत नाही. एकदा क्रेटला अडखळले, तर आधी टॅब सावरला, मग स्वतःला.

परवा आले आणि म्हणाले, "तारण खराब झाल्याची नोंद आली आहे. तुमची कर्जाची लिमिट थांबवली आहे."

बाहेर रावेरहून आलेली भरलेली गाडी उभी होती आणि तिचे पैसे त्याच लिमिटमधून जायचे होते. मी म्हटलं, "यंत्र बिघडलंय, साहेब. मान वर करून केळी तर बघा."

"प्रत्यक्ष पाहणी आता कार्यपद्धतीत बसत नाही."

निघताना मात्र त्यांनी नेहमीप्रमाणे पिशवी काढली. घरी न्यायच्या फण्या ते स्वतःच निवडतात. टॅब काखेत मारला, एकेक केळं अंगठ्याने दाबलं, हुंगलं, देठ पाहिला, आणि बोलणं एकदम धुळ्याला पोचलं. "भाऊ, बठ्ठा माल झकास शे."

"मग तेवढंच टॅबवर लिहा."

त्यांनी फण्या पिशवीत नीट ठेवल्या, टॅब समोर धरला आणि पुन्हा इस्त्री फिरवली.

"तसा पर्याय उपलब्ध नाही."