'बरं होतंय' म्हणायचा नियम

माझ्या बायकोच्या उजव्या पायाची दोन बोटं माझ्यामुळं गेली. चार वर्षं मी लोकांना सांगत आलो, साखरेनं गेली. ते खोटं नाही, पण अर्धंच आहे. उरलेलं अर्धं सांगायला चार वर्षं लागली, याचाही राग येतो.

आजाराची भीती मला वडील गेल्यापासूनची. त्यांच्या किडन्या निकामी झाल्या तेव्हा ते त्रेपन्न वर्षांचे होते. पंचेचाळिशी ओलांडली तसा मी दिवसातून दहा वेळा स्वतःची नाडी बघायला लागलो. छातीत जरा चमक निघाली की दवाखाना. रक्त, लघवी, ईसीजी, सगळं नॉर्मल. पंधरा दिवसांनी पुन्हा तेच. बायको मशीनवर ब्लाउज शिवता शिवता म्हणायची, "तुमचं राहू द्या, त्या लॅबवाल्याचं रक्त आटलं असंल आता."

मग कंपनीतल्या एकानं मला गारखेड्यातल्या एका हॉलमध्ये नेलं. रविवारी सकाळी तिथं सकारात्मक विचारांचा वर्ग भरायचा. शिकवणाऱ्यांना सगळे 'सर' म्हणत. पांढरा सदरा, गोड आवाज. "आजार आधी मनात येतो, मग शरीरात. नाव घ्याल तर तो येईल," असं ते म्हणाले आणि मला वाटलं, हा माणूस फक्त माझ्यासाठी बोलतोय. घरी आलो, रिपोर्टांची फाईल आणि बीपीचं मशीन माळ्यावर टाकलं. रोज सकाळी वहीत एकवीस वेळा लिहायचो, 'मी पूर्ण निरोगी आहे.' आणि खरं सांगतो, झोप लागायला लागली. नाडीवरचं बोट सुटलं. इथंच थांबलो असतो तर काही बिघडलं नसतं.

थांबलो नाही. घराला नियम लावला. आजाराचं नाव घ्यायचं नाही. 'दुखतंय' म्हणायचं नाही, 'बरं होतंय' म्हणायचं. बायको हसली. "आणि मेल्यावर काय म्हणायचं? जगतंय?" मी दोन दिवस तिच्याशी बोललो नाही. तिसऱ्या दिवसापासून ती नियम पाळायला लागली. माझा अबोला तिला कधीच सोसला नाही, आणि मला ते पक्कं ठाऊक होतं.

त्या उन्हाळ्यात ती तांब्यावर तांब्या पाणी प्यायची. "लई तहान लागती हो," म्हणाली. मी म्हणालो, "चांगलं आहे. शरीर शुद्ध होतंय." हे वाक्य मी उच्चारलेलं आहे. सरांनी नाही, मी.

पिशोरला तिच्या भाच्याचं लग्न होतं. तिथं नव्या चपलेनं करंगळीला फोड आला. परत आल्यावर विचारलं, "पाय कसा आहे?" "बरं होतंय." आठ दिवसांनी पुन्हा, "बरं होतंय." तीन आठवडे हेच. मशीनचं पायडल ती एकाच पायानं मारायला लागली. पायात मोजे घालायला लागली, मे महिन्यात! कंपनीत माझं काम माल तपासायचं. केसाएवढी चीर दिसली तरी अख्खी पेटी परत पाठवणारा माणूस मी, आणि मला मे महिन्यातले मोजे दिसले नाहीत. हेही खोटंच. दिसले. विचारलं असतं तर नाव घ्यावं लागलं असतं.

समोरच्या घरातल्या भाभी कुर्त्याचं कापड घेऊन आल्या. दारातच थबकल्या, नाकाला ओढणी लावली आणि सरळ खाली बसून बायकोचा मोजा काढला.

"भाईसाब, ये क्या है? पांव सड रा इसका, और तुम पेपर पढ रे! आंखां हैं के बटनां?"

बायको म्हणाली, "भाभी, नाव नका घेऊ, ह्यांना चालत नाय."

"चुल्हे में गया चालत नाय! रिक्षा बुलाव!"

साखर चारशेच्या वर निघाली. डॉक्टरांनी विचारलं, कधीपासून आहे? बायको म्हणाली, "तपासलीच नाय कधी. आमच्यात आजाराचं नाव घेत नाहीत."

"आमच्यात म्हणजे? कोणत्या महाराजांचे तुम्ही?"

तिनं माझ्याकडं बघितलं. मी भिंतीवरचा लसीकरणाचा तक्ता वाचत होतो.

करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट काढलं. आणखी आठवडा गेला असता तर घोट्यापासून पाय गेला असता, असं डॉक्टर म्हणाले.

आता जे कुणालाच सांगितलं नाही ते. दोन महिन्यांनी सरांचा फोन आला. "अनुभव सांगायला या. दोनच बोटं गेली, पाय वाचला, हीच तर विचारांची ताकद!" फोन आपटायला हवा होता. मी गेलो. बायकोला पहिल्या रांगेत बसवलं आणि माईकवर सांगितलं, की डॉक्टर पाय जाईल म्हणत होते, पण आम्ही भीती सोडली, निरोगी पायाचं चित्र डोळ्यांपुढं धरलं आणि पाय वाचला. टाळ्या पडल्या. एक म्हातारे गृहस्थ उठून तिच्या पाया पडले. पट्टी बांधलेल्या पायाला हात लावून.

घरी आलो. तिनं खुर्चीत बसून पाय स्टुलावर ठेवला. "लई छान बोललात. आता पट्टी सोडा."

"भाभी येतीलच की..."

"तुम्ही सोडा. दोन महिन्यांत एकदा तरी बघितलंय का?"

नव्हतं बघितलं. भाभी पट्टी बदलायला आल्या की मी दूध आणायला जायचो. शेवटचा थर जखमेला चिकटला होता, मी तो ओढायला लागलो. "पाणी लावा, ओढू नका," ती म्हणाली. "आता काय दिसतं ते बोला. मोठ्यानं."

दोन बोटं नाहीत, मी म्हणालो. कडेला लाल आहे. मधे पू आहे.

"मग दवाखान्यात जायचं का नाय?"

"जायचं."

भीती मी सोडली नव्हतीच. ती बायकोला गिळायला लावली आणि स्वतः निवांत झोपलो. आता रोज सकाळी तिची साखर मी मोजतो, तळपाय उलटा करून बघतो. भीती वाटते. वाटली की तिला सांगतो.

गेल्या महिन्यात त्या हॉलमध्ये खरं सांगायला गेलो, तर माईक दिला नाही. "इथं नकारात्मक बोलायचं नसतं." म्हणून इथं लिहितोय. त्या सकाळी टाळ्या वाजवलेल्यांपैकी कुणी माझ्या भरवशावर घरात जखम झाकून बसलं असेल, तर ऐका. मी खोटं बोललो. तो पाय एका शेजारणीच्या ओरडण्यानं आणि डॉक्टरांच्या सुरीनं वाचला. येत्या रविवारची वाट बघू नका, आजच दाखवून या.