हिलालचा मुका कॅमेरा

प्रकाशा गावाला तापीच्या घाटावर हिलाल माळी तरुणपणापासून फोटो काढत आला आहे. शाळेत आम्ही एका बाकावर बसायचो. मी पुढे बी.कॉम. करून शहाद्याच्या एका सूतगिरणीत हिशेबाच्या कामाला लागलो आणि आता निवृत्तीला आलो. हिलालने देवळाच्या रस्त्यावर फोटो स्टुडिओ टाकला. यात्रेकरू देवळापुढे रांगेत उभे राहायचे आणि हिलाल फोटो काढून द्यायचा. मग ज्याच्या त्याच्या खिशात मोबाइल आला. स्टुडिओत पासपोर्ट फोटोवाले तेवढे उरले. लग्नाची कामे शहाद्याची पोरे ड्रोन घेऊन करू लागली.

तेव्हा हिलालने एक गोष्ट हेरली. घाटावर दशक्रियेला येणाऱ्या प्रत्येक घरातले कोणी ना कोणी बाहेर असते. सुरतला, बडोद्याला, आता तर अमेरिकेतही. त्यांना येणे जमत नाही, पण बघायचे असते. मुख्यतः एकच बघायचे असते, पिंडाला कावळा शिवला की नाही. मोबाइलमध्ये लांबचा कावळा म्हणजे नुसता काळा ठिपका, आणि जवळ जावे तर तो येत नाही. हिलालच्या जुन्या कॅमेऱ्यात आरसा होता, तो प्रत्येक फोटोला खट्ट करायचा. एकदा त्या आवाजाने पिंडापाशी आलेला कावळा उडाला. त्या घरच्या लोकांनी हिलाल घाटाच्या पायऱ्या चढून जाईपर्यंत त्याला शिव्या दिल्या.

म्हणून त्याने हा नवा कॅमेरा घेतला. मिररलेस म्हणतात, आत आरसाच नाही. आवाज पूर्ण बंद करता येतो. फोटोही तोच काढतो, व्हिडिओही तोच. हाताएवढी लांब लेन्स लावली की घाटाच्या वरच्या पायरीवरून खाली वाळूतल्या पक्ष्याचे पीस न् पीस दिसते. पक्ष्याचा डोळा कॅमेरा स्वतः शोधतो आणि त्याच्याभोवती छोटा चौकोन काढतो.

कॅमेरा आला आणि हिलालची झोप उडाली. एसटीत तो बॅग पाठीवर न घेता पोटावर घेऊन बसायचा. लेन्स बदलायची तर वाऱ्याकडे पाठ करून, श्वास रोखून. नदीकाठची वाळू आत गेली तर काय, पावसाळ्यात भिंगावर बुरशी चढली तर काय. चपलांच्या दुकानातून ओल शोषणाऱ्या पुड्या मागून आणून त्याने कॅमेऱ्याच्या डब्यात भरल्या होत्या. जेवताना कॅमेरा नजरेसमोर हवा. त्याची बायको शांतीबाई मला म्हणाली होती, "भाऊ, मन्ही सासू असती ना, तिले बी इतकं जपतात नई." आम्ही हिशेबात वस्तूचा घसारा धरतो. इथे वस्तू नवीच राहिली आणि मालक झिजू लागला.

त्याची खरी परीक्षा झाली ती गुलाबसिंग नानांच्या दशक्रियेला. नाना ब्राह्मणपुरीचे. आमच्या गिरणीत वजनकाट्यावर होते, त्यामुळे मीही गेलो होतो. त्यांचा थोरला मुलगा भरत अमेरिकेत. व्हिसाचे कागद अडकले होते, तिथून निघाला असता तर परत जाता आले नसते. अग्नी धाकट्या हेमराजने दिला, पिंडही त्यालाच ठेवायचे होते. भरतने हिलालला फोन करून सांगितले, "काका, बाकी काही नको. कावळा शिवताना मला दिसला पाहिजे. माझ्यावाचून त्यांचं काही अडलं नाही, एवढं मला बघू द्या."

हे शेवटचे वाक्य हिलालने मला ऐकवले आणि म्हणाला, "इतकं मोठं काम मन्हा अंगवर नको व्हतं रे."

सकाळी विधी झाले. हेमराजने वाळूवर पिंड मांडले आणि सगळे मागे सरून पायऱ्यांवर बसले. पिंपळावर कावळे होते, चांगले पाच-सहा होते. हिलालने वरच्या पायरीवर स्टँड लावला, कॅमेरा पिंडाकडे वळवून व्हिडिओ सुरू केला. मी त्याच्या मागे उभा राहिलो. भरत हेमराजच्या मोबाइलवर होता, आवाज मोठा करून फोन नानांच्या बायकोच्या, तुळशीबाईंच्या हातात दिलेला.

सुरुवातीला सगळे हलकेच चालले होते. नानांचे चुलतभाऊ सुकलालआप्पा म्हणाले, "चहा ठेवा रे कोनी. बिना चहाना नाना कोनाच ओटावर चढेत नई."

"साखर बी घाला बरं," मागून एक जण म्हणाला. "आते कसानी शुगर!"

लोक हसले. फोनमधून भरतही हसल्यासारखा वाटला. खरेच एक कप चहा पिंडाशेजारी ठेवला गेला. एक कावळा खाली उतरला, घाटाच्या भिंतीवर बसला, मान वाकडी केली आणि परत पिंपळावर गेला.

सुकलालआप्पा वळून म्हणाले, "हिलालभो, तुन्हा कॅमेरा मुका शे का रे? ना आवाज, ना उजेड. घर जाईसन म्हनशी, रीळच नई व्हतं!"

"मुकाच बरा, आप्पा," हिलाल म्हणाला. "तुमना मोबाइल ते कोंबडासारखी बांग देस."

तो बोलला खरा, पण त्याचे लक्ष बॅटरीच्या खुणेवर होते. बॅटरी उतरत चालली होती. दुसरी खिशात होती, पण बदलायला कॅमेरा बंद करावा लागतो आणि नेमका त्याच वेळी कावळा आला तर? कॅमेऱ्यावर ऊन यायला लागले तसा तो स्वतः उन्हात सरकून त्याच्यावर सावली धरून उभा राहिला.

कावळा पुन्हा उतरला. भिंतीवर आला, दोन उड्या मारल्या, थांबला आणि परत गेला. असे पुन्हा पुन्हा झाले. हसणे बंद झाले. हेमराज हात जोडून पिंडांसमोर गेला. "नाना, मायना हाल व्हऊ देवाव नई. केळीना बाग मोडाव नई." कावळा आला आणि गेला. नानांच्या बहिणीने काही सांगून पाहिले. सुकलालआप्पांनीही जुना बांधाचा वाद सोडल्याचे सगळ्यांदेखत सांगितले. कावळा भिंतीच्या पुढे येईना. गुरुजी म्हणाले, "ऊन वाढतंय. दर्भाचा कावळा करून शिवून घेऊ, तेही शास्त्रात आहे."

तुळशीबाई म्हणाल्या, "नई. खराच पाहिजे."

मग बायकांतून कोणीतरी बोलले, हळू, पण फोनपर्यंत पोहोचेल असे. "कसा शिवी? नाना ज्यानी वाट दखी ऱ्हायनात तो अमेरिकामा शे."

तुळशीबाईंनी फोन कानाशी नेला.

हिलालने माझी बाही ओढली आणि कॅमेऱ्याच्या डोळा लावायच्या खिडकीकडे बोट केले. मी वाकून पाहिले. भिंतीवरचा कावळा मांडीवर बसल्यासारखा मोठा दिसत होता. डोळ्याभोवती पांढरा चौकोन. तो पिंडाकडे बघतच नव्हता. मान पुढे काढून सरळ माझ्याकडे, म्हणजे त्या मोठ्या भिंगाकडे बघत होता. मी जरा हललो, कॅमेरा किंचित डुलला आणि तो उडाला.

"तो आपलाकडेच दखी ऱ्हायना," मी म्हणालो.

"माले माहीत शे. मघाशीच समजनं." तो कुजबुजला. "कान बंद कया त्याना, पन डोया ते उघडाच शेतस. इतकं मोठं भिंग त्याना तोंडसमोर."

"मंग फिराव की कॅमेरा."

"फिरावू ते भरतले काय दखाडू? आनि हाई मी बोलनू, ते या घाटवर माले परत कोनी उभं करी का? कॅमेरा उना का कावळा येत नई, असं व्हई जाई. मन्हं दुकान बसनं समज." तो पिंपळाकडे बघत म्हणाला, "आखो जरासं दखू. येई तो. सवय व्हई जाई त्याले."

सांगायचे होते ते त्याला आधीच कळले होते. त्याने डोळा पुन्हा कॅमेऱ्याला लावला. त्याच्या मानेवरून घाम ओघळत होता. बॅटरीची खूण लाल झाली होती.

खाली तुळशीबाई फोन तोंडापाशी धरून बोलत होत्या. "बेटा, त्या तुन्हीच वाट दखी ऱ्हायनात. येसू म्हन. कायमना येसू म्हन, म्हनजे त्या सुटतीन."

"माय, माझं इथलं…"

"म्हन ना बेटा. बापले सांग."

भरतची तिकडे बायको, शाळेत जाणारी मुलगी. हे इथे सगळ्यांना माहीत होते, तरी कोणी तुळशीबाईंना थांबवले नाही. उलट दोघे-तिघे माना डोलावत होते. फोनमधून भरतचा श्वास ऐकू येत होता. मग त्याचा आवाज आला, फाटलेला. "नाना, मी…"

"थांब, भरत! बोलू नको!"

हिलाल ओरडला होता. आख्खा घाट वळून वर बघू लागला. "काही बोलू नको. तुन्हा काही दोष नई. दोष मन्हा कॅमेराना शे. कावळा मन्हा भिंगले भ्यायी ऱ्हायना. कवळपासून मी दखी ऱ्हायनू."

"कवळपासून?" सुकलालआप्पा उठून उभे राहिले. "आनि आते सांगस?"

हिलालने स्टँडवरून कॅमेरा काढला, बंद करायचेही भान नव्हते. पाठ फिरवून पायरीवर बसला, कॅमेरा मांडीवर घेतला आणि वरून आपला रुमाल टाकला. मीही त्याच्या शेजारी पाठ करून बसलो. त्यामुळे पुढचे आम्ही दोघांनी पाहिले नाही, नुसते ऐकले. बराच वेळ काही नाही. पाण्याचा आवाज, कोणाचे तरी खोकणे. मग पंखांची फडफड आणि लगेच एकदम गलका. "शिवना! शिवना!" त्यात तुळशीबाईंचे रडणे आणि फोनमधून भरतचे "खरंच? माय, खरंच?"

लोक उठले, नदीवर हात धुतले, वाटेला लागले. जाताना सुकलालआप्पा आमच्यापाशी थांबले. राग बहुधा गेला होता. "वाईट वाटू दिऊ नको, हिलालभो. पन आते आमना गावना कोनी मरना ते तू एकलाच ये. कॅमेरा घर ठेव." गुरुजींनी दुसऱ्या दिवशी इतर गुरुजींना सांगितले. घाटावर फोटोवाले उभे करू नका, असे आठवड्यात सगळ्यांच्या तोंडी झाले.

हिलालने भरतला काय पाठवायचे यावर फार डोके शिणवले. व्हिडिओत कावळ्याचे शिवणे नव्हते. होते ते त्याचे येणे, बघणे, जाणे आणि शेवटी रुमालाखालचा अंधार आणि आवाज. मी म्हणालो, आहे तसे पाठव. त्याने पाठवले आणि भरतचा फोन येईल या धास्तीने मोबाइल शांतीबाईकडे देऊन ठेवला. फोन आला तेव्हा मी स्टुडिओतच होतो. शांतीबाईने तो जवळजवळ जबरदस्तीने त्याच्या कानाला लावला.

हिलाल बराच वेळ नुसते "हा… हा…" करत राहिला. फोन ठेवल्यावर म्हणाला, "तो म्हनस, काका, कावळा भिंगकडे दखत व्हता, तुम्हनं खरं शे. पन मी बी भिंगमधूनच दखी ऱ्हायनू ना? म्हनजे तो मन्हाकडेच दखत व्हता. म्हने, व्हिडिओमा तितलंच मी रोज लायीसन दखस."

"मग चांगलंच झालं."

"हा." त्याने कॅमेरा डब्यातून काढला, भिंगावर फुंकर मारली, पुसला, परत डब्यात ठेवला. सारंगखेड्याच्या एका घराने सोमवारच्या दशक्रियेला त्याला आधीच सांगून ठेवले होते. ते आता येऊ नका म्हणतील की नाही, हे त्याला कळेना, आणि आपण होऊन विचारायची हिंमत होईना. शेवटी माझ्यासमोर त्याने फोन लावला. पिंडाकडे कॅमेरा करणार नाही, घरच्या माणसांकडे तोंड करून उभा राहीन, कावळा शिवल्यावर त्यांचे चेहरे घेईन, एवढे एका दमात सांगितले. पलीकडून उत्तर आले, "भाऊंना विचारतो, मग कळवतो."

हिलालने मोबाइल गल्ल्यावर उताणा ठेवला. मी निघालो तेव्हा तो त्याच्याकडेच बघत बसला होता.