नादाराच्या घरातल्या पाच गाठी

त्या प्रकरणाची आठवण निघाली की या वयातही माझं डोकं तापतं. घरचे म्हणतात, आता सोडा की. पण काही गोष्टी सुटत नाहीत. राग गुन्हेगारावर आहे, अदालतीवर आहे आणि सगळ्यात जास्त माझ्या स्वतःवर आहे.

निजामाचा अंमल होता, पोलीस ॲक्शनला अजून काही वर्षं होती. मी उमरग्याच्या ठाण्यावर अमीन होतो. अमीन म्हणजे आजचा फौजदार. कामकाज सगळं उर्दूत चाले. सकाळी जवानांची हजेरी, मग रोजनामचा, म्हणजे ठाण्याची डायरी. त्यात ठाण्यात घडलेली बारीकसारीक गोष्टसुद्धा लिहायची असा दंडक होता. अमुकची म्हैस तमुकच्या रानात शिरली तरी नोंद. हा रोजनामचा लक्षात ठेवा.

उमरग्यातला एक कापडाचा व्यापारी त्या सालात बुडाला. माणूस लिंगायत, घराणं जुनं, जबान पक्की. माल सोलापूरच्या गिरण्यांचा. सोलापूर इंग्रजांकडे, उमरगा निजामाकडे. तिथं कलदार रुपया चाले, इथं आमचा हाली. सहा कलदारला सात हाली हा हिशेब पोराबाळांनाही पाठ होता. या माणसाला तर नाणं दगडावर टाकलं की आवाजावरून हाली का कलदार ते कळे. पण दोन मोठ्या गिऱ्हाइकांनी हात वर केले, गिरणीची देणी थकली आणि यानं धाराशिवच्या अदालतीत जाऊन स्वतःच नादारी, म्हणजे दिवाळखोरी, मागितली.

नादार होणं म्हणजे काय, हे मी तेव्हा जवळून पाहिलं. दुकानाला अदालतीचं कुलूप लागलं. सोलापूरच्या बँकेतलं खातं अदालतीनं ताब्यात घेतलं. राहतं घर गेलं, दोन खोल्या भाड्यानं घेतल्या. जे काही उरलं ते सगळ्या घेणेकऱ्यांत वाटायचं, आणि त्यातून घरखर्चापुरती ठरावीक रक्कम दर महिन्याला कुटुंबाला द्यायची. ती रक्कम अदालतीचा एक कारकून सोलापूरच्या खात्यातून काढायचा आणि पहिल्या तारखेला मोटारीनं उमरग्याला आणून द्यायचा. वर्ष नीट गेलं तर अदालत माणसाला नादारीतून मोकळं करी, पुन्हा धंदा करता येई. काही लपवल्याचं सिद्ध झालं तर मात्र सरळ तुरुंग.

आठ महिने झाले होते. मोकळं करायचं की नाही याची सुनावणी, व्यापाऱ्याच्या अर्जावरून, लवकर लागली होती. दीड महिना उरला होता, आणि ठाण्यावर एक निनावी चिठ्ठी आली. उर्दू अक्षर वळणदार. 'नादारानं चांदी दडवून ठेवली आहे. बायको ती थोडी थोडी गावातल्या सोनाराला विकते. म्हणूनच या घरची सगळी बिलं वेळेवर चुकती होतात.'

मी सोनाराला बोलावलं. तो म्हणाला, "व्हय सायेब, अक्का आल्त्या. चांदी हुती, ठोकून चपटी केलेली. कशाची म्हून इचारलं न्हाय म्या."

ठोकून चपटी केलेली! म्हणजे वस्तू ओळखू येऊ नये म्हणून. मला वाटलं, झालं, तपास संपला. दुधवाल्याला विचारलं, किराणावाल्याला विचारलं. दोघांनी एकच सांगितलं. नादारी लागली त्याच दिवशी ती बाई दारात येऊन सांगून गेली होती, "आजपासून आमाला उधार देऊ नका. देणं वाढवायची आमाला मनाई हाय. रोख दिलं तरच माप घाला." आणि आठ महिने एक पैसा थकवला नव्हता. यात खरं तर तिचं कौतुक होतं. मला त्यात लबाडी दिसली. पोलिसाच्या डोळ्याला एकदा संशयाची सवय लागली की त्याला सरळ काठीही वाकडी दिसते.

दोन तारखेला सकाळी झडती घेतली. बरोबर दोन पंच आणि माझा जमादार. हा जमादारही लिंगायतच, आळंद भागातला, निम्मं कानडी बोलणारा. दोन खोल्यांत काय असणार? डबे उपडे केले, चूल उकरली. दम्यानं आजारी म्हातारा सासरा अंथरुणावर होता, त्यालाही उठवून गोधडी झटकली. शेवटी पाटीखाली जुन्या लुगड्याचा एक पदर मिळाला. त्याला पाच गाठी. प्रत्येक गाठीत रुपये.

"हे काय?" मी दरडावलं.

ती म्हणाली, "ही भाड्याची, सहा. ही किराण्याची, पंधरा. ही दुधाची, पाच. ही सरपण-राकेलची, चार. आन् ही मामंजींच्या औषधाची, पाच. येका गाठीचं दुसऱ्या गाठीत घालायचं न्हाय, असं ठरिवलंय सायेब. न्हायतर इस्कोट हुतो."

मी बेरीज केली. पस्तीस. "अदालतीकडून किती येतात?"

"तीस."

"मग वरचे पाच कुठले?"

तिनं नवऱ्याकडं पाहिलं आणि मान खाली घातली. मी नवऱ्याला ठाण्यावर आणलं.

त्याची जबानी अर्धा तास चालली. तो एकच सांगत होता, "सायेब, मला ठावं न्हाय. नादारी लागल्या दिसापास्नं म्या पैशाला शिवलो न्हाय. लोकांचं देणं फिटंस्तवर नाण्याला हात लावायचा न्हाय, अशी आण घेतलीय. कारकून आले की म्या भिंतीकडं तोंड करून बसतो. समदं तीच बघती."

"व्यापाऱ्याला स्वतःच्या घरात किती पैसे येतात ते माहीत नाही? कुणाला सांगतोस?" असं म्हणून मी त्याच्या कानाखाली वाजवली.

पन्नाशीचा माणूस. ज्याच्या दुकानात मी स्वतः गादीवर बसून चहा प्यालो होतो. त्याची टोपी खाली पडली. ती त्यानं उचलली, झटकली आणि पुन्हा डोक्यावर ठेवली.

त्याची बायको मागोमाग आली होती, दारात उभी होती. तिनं ते पाहिलं. ती आत आली, लिंगायत गळ्यात बाळगतात ते लिंग पदराआडून काढून तळहातावर घेतलं आणि म्हणाली, "ह्येची आण हाय सायेब. मालकांना कायबी ठावं न्हाय. त्यांच्या अंगाला हात लावू नका."

मी पुन्हा ओरडणार तोच जमादार मध्ये आला. त्याचा चेहरा उतरला होता. तो हळूच म्हणाला, "सायेब, जरा बाहीर येता का?"

बाहेर आल्यावर तो म्हणाला, "हे घर म्या लहानपणापास्नं वळकतो. अक्कांच्या गळ्यात चांदीची डबी असायची, लग्नात सासऱ्यांनी घातलेली. आता बघा, लिंग फडक्यात बांधलंय, आन् दोरी तीच जुनी रेशमाची हाय. चांदी दडिवलेली न्हाय सायेब. अंगावरची हाय ती."

लिंग ठेवायची ती डबी. अंगावरच्या अशा धार्मिक वस्तूला जप्तीही लागत नव्हती, ती तिची स्वतःची होती. वरवंट्यानं ठोकून तिनं ती चपटी केली होती, कारण लिंगाची डबी विकताना कुणी ओळखू नये. आणि नवऱ्याला कळू नये. मी आत जाऊन विचारल्यावर तिला हे कबूल करावं लागलं, आणि माझ्यामुळं नवऱ्याला माझ्याच ठाण्यात कळलं. तो भिंतीकडं तोंड करून बसला.

मी तिला विचारलं, "पण विकावी का लागली?"

"तिसांत पाचवी गाठ भरना की. पयले चार म्हयने म्या येक येळ जेवले, त्यात भागिवलं. मग मामंजींचं औषध महागलं. त्या कारकुनांना इचारलं, कोर्टानं समद्या बिलांचा हिशोब घेतला हुता, मग कमी कसं पडतंय? त्ये म्हणले, कोर्टाला इचारशील तर हायेत तेबी बंद हुतील. घरात चांदी असंल तर वीक."

म्हणजे चांदी विकायला त्यानंच सांगितलं होतं. मग चिठ्ठी लिहिणाऱ्याला चांदीचं कळलं कुठून? आणि पस्तिसाचा आकडा माझ्या डोक्यात घोळू लागला. दुसऱ्या दिवशी मी धाराशिवला गेलो आणि अदालतीच्या दप्तरात तो हुकूम पाहिला. 'घरखर्चासाठी दरमहा रुपये तीस, कलदार.' तीस कलदार म्हणजे पस्तीस हाली. पाच गाठींची बरोबर बेरीज. अदालतीनं बिलं मोजूनच रक्कम ठरवली होती. कुटुंबाला मात्र हुकमाची नक्कल कुणी दिलीच नव्हती. कारकुनानं तोंडी 'तीस' सांगितलं होतं. सोलापुरात कलदार काढायचे, सराफाकडून हाली करून घ्यायचे, तीस या घरात आणि पाच आपल्या खिशात. पावती उर्दूत, त्यात नुसतं 'रुपये तीस'. बाईला उर्दू येत नव्हतं. आवाजावरून नाणं ओळखणारा नवरा लाजेनं भिंतीकडं पाहत बसायचा. आंधळं दळत होतं आणि कुत्रं पीठ खात होतं.

पुढच्या एक तारखेला मी, जमादार आणि दोन पंच त्यांच्या घरी आतल्या खोलीत बसून राहिलो. कारकून आला. स्वच्छ शेरवानी, हातात छत्री. त्यानं तीस हाली मोजले आणि म्हणाला, "कर अंगठा." आम्ही बाहेर आलो. झडतीत त्याच्या खिशात सराफाची चिठ्ठी निघाली, तीस कलदारचे पस्तीस हाली दिल्याची, आणि वरचे पाच रुपयेही निघाले. ठाण्यावर आणून त्याला चार ओळी लिहायला लावल्या. निनावी चिठ्ठीतलं वळणदार अक्षर त्याचंच होतं. बाई सुनावणीत तोंड उघडेल या भीतीनं त्यानं आधीच नवऱ्याला तुरुंगात घालायची तजवीज केली होती.

तो मला म्हणाला, "पाच रुपयांसाठी एवढा बोभाटा? महिन्याला पाच रुपये, अमीनसाब!"

मढ्याच्या टाळूवरचं लोणी खाणारी माणसं नेहमी म्हणतात, लोणी थोडंच होतं. माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली. पण खरं सांगायचं तर मी त्याला हात लावला नाही. अदालतीचा माणूस होता, शेरवानीत होता. मी त्याला बसायला खुर्ची दिली होती. जो निर्दोष होता त्याला थप्पड आणि जो चोर होता त्याला खुर्ची. हा न्याय मी केला, दुसऱ्या कुणी नाही.

कारकुनाची नोकरी गेली, शिक्षाही झाली. व्यापारी नादारीतून मोकळा झाला. कारकून पकडला त्याआधीच्या आठ महिन्यांचे चाळीस रुपये अदालतीनं परत देवविले, आणि ते ठाण्यावरून माझ्या हातूनच द्यायचे होते.

ती बाई नवऱ्याबरोबर आली. मी पावती पुढं केली. ती म्हणाली, "वाचून दावा सायेब." मी वाचली. "हाली का कलदार, ते लिवलंय का?" मी म्हणालो, लिहिलंय, हाली. तिनं नवऱ्याकडं नाणी सरकवली. त्यानं नादारी लागल्यापासून पहिल्यांदा रुपया हातात घेतला, फरशीवर वाजवला आणि मान हलवली. मग तिनं अंगठा केला.

मला बरं वाटावं म्हणून की काय, मी म्हणालो, "आता चांदीची डबी करून घ्या."

"नगं," ती म्हणाली. "फडक्यातच बरं हाय. त्येला कुणी कायबी इचारत न्हाय." आणि जाता जाता दारात थांबून तिनं विचारलं, "रुपयांची पावती झाली सायेब. मालकांना मारली, त्येची कुठं लिवलीया?"

मी पावती फायलीला लावू लागलो. ती दोघं निघून गेली.

नोकरीच्या पुढच्या वर्षांत मी दोन गोष्टी सोडल्या नाहीत. कुणाचाही अंगठा घेण्याआधी कागद त्याच्या भाषेत मोठ्यानं वाचून दाखवायचा. आणि जो माणूस खाली पडलेला आहे, त्याचं घर धुंडाळण्याआधी त्याला पैसे देणाऱ्याचा खिसा तपासायचा. हाताखालच्या पोरांनाही हेच शिकवलं. बैल गेला आणि झोपा केला म्हणा हवं तर.

ती दोघं पैसे घेऊन गेली त्या संध्याकाळी मी रोजनामचा काढून पाहिला. झडतीची नोंद होती. पाच गाठींची होती, उकरलेल्या चुलीची सुद्धा होती. थपडेची नव्हती, आणि तेव्हाही ती लिहायचा धीर मला झाला नाही. आज ती दोघंही हयात नाहीत. म्हणून ती नोंद आता इथं करतो. उमरगा ठाण्याच्या अमिनानं एका निर्दोष माणसाला त्याच्या बायकोदेखत मारलं. तो अमीन मी.