मावशीचं ‘येस, येस’

शाळेची मधली सुट्टी संपत आली होती तेव्हा विंझरहून सुमनवहिनींचा फोन आला. त्या माझ्या मावशीच्या शेजारीण. “उषाताई, तुमच्या मावशी गेल्या वो... जेवून वट्यावर बसल्या व्हत्या, बसल्या जागीच कलंडल्या.” मी वर्गात परत गेले. समोर पहिलीतली पोरं एका सुरात म्हणत होती, “गुड आफ्टरनून, टीचर.” असलीच वाक्यं मी मावशीलाही शिकवली होती.

अनसूयामावशी माझ्या आईची धाकटी बहीण. चौथीपर्यंत शिकलेली. नवरा लवकर गेला, तिनं एकटीनं शेती केली आणि मुलाला, दिलीपला, इंजिनिअर केलं. तो कॅनडाला गेला, तिथंच लग्न केलं. त्याची मुलगी मायरा. तिला मराठी येत नाही, आणि मावशीला इंग्रजी यायचं नाही. रविवारी व्हिडिओ कॉल लागला की दोघी एकमेकींकडे बघत बसायच्या आणि दिलीप मध्ये दुभाषा. एका शनिवारी मावशी नसरापूरला एसटी बदलून भोरला माझ्या घरी आली आणि चप्पल काढता काढताच म्हणाली, “उषे, मला विंग्रजी शिकव. दिल्याला मधी न घेता नातीशी बोलायचंय मला.”

मग जवळजवळ दर शनिवारी ती यायची. मी नेहमीप्रमाणे ‘व्हॉट इज युवर नेम’पासून सुरुवात केली तर भडकली. “नातीला नाव काय म्हनून इचारू व्हय गं?” तिला आधी ‘जेवलीस का’ विचारायचं होतं. तिकडं असं कुणी विचारत नाही, ‘हाऊ आर यू’ म्हणतात, असं मी सांगितलं.

“आन् त्यावर काय म्हनायचं?”

“आय ॲम फाइन, थँक यू.”

“बरं नसलं तरी?”

“तरी.”

“मग इचारत्यात कशाला?” असं म्हणून ती खूप वेळ हसत राहिली. पण पाठ केलं तिनं. ‘एक्सक्यूज मी’ तर तिला इतकं आवडलं की नसरापूरच्या स्टँडवर गर्दीत ते मोठ्यानं म्हणायची, आणि लोक चमकून खरंच बाजूला व्हायचे. तिचं तोंड तेव्हा बघण्यासारखं व्हायचं...

मागच्या उन्हाळ्यात दिलीप मायराला घेऊन आला. मीही विंझरला गेले होते. मावशीनं नवं लुगडं नेसलं होतं. गाडी थांबली, पोरगी उतरली, आणि मावशी एकही शब्द न चुकता म्हणाली, “गुड मॉर्निंग, मायरा. हाऊ आर यू?” मायरा हसली. आणि मग भराभर बोलत सुटली. मावशीच्या चेहऱ्यावरचं हसू तसंच होतं, पण डोळे गोंधळलेले. ती नुसती मान डोलवत राहिली, “येस, येस.” तेवढ्यात शेजारचा कुत्रा अंगणात आला. मायरा मावशीच्या मागे सरकली, तिचं लुगडं धरलं आणि विचारलं, “विल ही बाइट मी?” नातीनं आपल्याला धरलंय एवढंच मावशीला कळलं. सगळ्या मायेनं ती म्हणाली, “येस! येस!”

पोरगी किंचाळत गाडीत जाऊन बसली ती उतरलीच नाही. मी समजावलं, दिलीपनं समजावलं. मावशी बंद काचेपाशी उभी राहून ‘कम, कम’ म्हणत होती, तशी ती आणखीच रडायला लागली. शेवटी दिलीप म्हणाला, “आई, आम्ही पुण्याला हॉटेलवर जातो. पुन्हा येऊ निवांत.” केलेल्या पुरणपोळ्या डब्यात भरून दिल्या. पुन्हा काही येणं झालं नाही, सुट्टी संपली.

गाडी गेल्यावर मावशी मला म्हणाली, “तू मला बोलायला शिकीवलंस गं. ती बोलल्याली कळायला लागतं, त्ये ऱ्हायलंच.” रागानं नाही, नुसतं. तसं शिकवायला माणसाजवळ माणूस राहावं लागतं, ते माझ्या हातात कुठं होतं...

त्यानंतर ती एकदाच शिकायला आली. “माझं चुकलं, कसं म्हनायचं?” ‘आय ॲम सॉरी’ तिनं घोकलं. पण रविवारी कॉल लागला की मायरा कधी पोहायला गेलेली असायची, कधी झोपलेली. हळूहळू रविवारही चुकायला लागले. ते वाक्य तिच्या तोंडातच राहिलं.

दिलीप तिसऱ्या दिवशी पोहोचला. सावडण्याच्या वेळी त्यानं मुलीला फोन लावला आणि माझ्या हातात दिला. पलीकडून शिकवल्यासारखा स्पष्ट, गोड आवाज आला, “आय ॲम सॉरी फॉर युवर लॉस.” तुमच्या दुःखाबद्दल... मी “थँक यू” म्हटलं. तेवढंच म्हणायचं असतं. तेराव्यानंतर दिलीप घराला कुलूप लावून गेला. घर विकायचं म्हणतोय.

परवा मी विंझरला गेले. मावशीची म्हैस आता सुमनवहिनींच्या गोठ्यात आहे. त्यांनी एक गोष्ट सांगितली, ती मला ठाऊक नव्हती. मावशी रोज सकाळी धार काढताना म्हशीशी इंग्रजी बोलायची, पाठ व्हावं म्हणून. “आता माझ्या हाताला ती पान्हाच सोडंना,” वहिनी म्हणाल्या. “म्हनून काल म्या बी म्हनून बगितलं, गुड मार्निंग म्हनून. कान टवकारलं तिनं. मान वळवून दाराकडं बगितलं, लई येळ. मंग पुन्यांदा मान खाली घातली.”

वहिनींच्या हातातली दुधाची चरवी कोरडीच होती.